गाडी लागली का?

पुणे-नागपूर विमानानं 'फक्त दीड तास' ही अफवा आमच्या घरात कोणी पसरवली, ते मला अजून कळलेलं नाही. सकाळी साडेआठला कोथरूडहून निघालो. लोहगाव गाठायलाच दीड तास गेला, म्हणजे माझं नागपूर तिथेच संपलं. बारा पाचचं विमान. त्यानंतर पट्टा काढा, पट्टा घाला, आणि फलकावर 'विलंब'.

शेजारी एक काका, मांडीवर स्टीलचा डबा. एसटीत कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. दर दहा मिनिटांनी काउंटरवरच्या मुलीला विचारत, "बाई, गाडी लागली का?"

"सर, टेक्निकल रीझन आहे."

"ते असू द्या. ब्रेकडाऊन कुठं झाली ते सांगा, दुसरी गाडी पाठवता येते."

मुलगी हसली. मी नाही हसलो. दोनशे वीस रुपयांचा चहा पिताना माणसाला हसू येत नाही.

काकांनी डायरी काढली. "हे पहा, सरळ रेषेत मोजलं तर अंतर 605 किलोमीटर. विमान ताशी 800नं जाते. पाऊण तास झाला. मग तिकिटावर दीड तास काहून?" मी आपला शहाणपणा पाजळला, की ती वेळ जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते, धावपट्टीपर्यंतचं रांगणंही त्यातच. "म्हणजे स्टँडातली वेळपण रनिंगमध्ये धरून राहिले! आमचं ऑडिटच लागलं असतं."

नागपूरबद्दल मला एरवी आदर आहे. 1949 साली दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची टपाल विमानं रोज मध्यरात्री तिथं जमायची, पिशव्यांची अदलाबदल करायची आणि परत फिरायची. पाकिटं रातोरात पोचत होती. माझ्यावर फक्त तिकीट चिकटवायचं राहिलं होतं.

सव्वादोनला उडालो. त्याआधी बसमध्ये कोंबून, दार उघडं ठेवून वीस मिनिटं उन्हात उभं केलं. मग बस सुटली आणि पन्नास पावलांवर थांबली. पन्नास! मी मोजली. याचा राग अजून गेलेला नाही. चालत जाऊ म्हटलं, तर सुरक्षेचं कारण.

उतरताना घोषणा झाली, आपण हवेत पंधरा मिनिटं भरून काढली आहेत. काका ताठ बसले. "आमच्या डेपोत असा वेळ भरून काढणाऱ्या ड्रायवरले पहिले मेमो मिळे."

चार वाजता सामानाच्या पट्ट्याजवळ त्यांनी विचारलं, "घरून किती वाजता निघाले होते?" सांगितलं. डायरीत भागाकार झाला. "साडेसात तास. ताशी ऐंशी." थोडं थांबून म्हणाले, "निमआरामपेक्षा बरी आहे."

इतक्यात वहिनीचा फोन. "पोचले का भाऊजी? दीड तासात! मजा आहे बाप्पा तुमची."

मी हो म्हटलं. बॅग अजून यायची होती.