मुख्याध्यापक व्हायचंय? आधी लॉगिन करा

तर मॅडम (आणि सर, तुम्ही पण), तुमचं ठरलंय म्हणे, शाळेचं नेतृत्व करायचं. अभिनंदन! परवा ऑफ तासाला आठवीचे पेपर तपासता तपासता मोबाईलवर जाहिरात आली, 'घरबसल्या शैक्षणिक नेतृत्वात पदव्युत्तर पदवी', आणि तुम्हाला एकदम समोरच्या केबिनमधली ती फिरती खुर्ची दिसली, पाठीवरच्या टॉवेलसकट. मी पण याच वाटेने गेलेय म्हणून चार गोष्टी हक्काने सांगते, पटल्या तर घ्या, नाहीतर नोटीसबुकासारखी न वाचता खाली सही करून पुढच्या वर्गात पाठवा.

कोर्स निवडताना डोकं अजिबात लावू नका. पर्याय भरपूर आहेत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून ज्ञानगंगा घरोघरी नेतंय, तिथली शालेय व्यवस्थापन पदविका म्हणजे आपल्या सगळ्यांचा लाडका डीएसएम. इग्नू तर १९८५ पासूनचं. त्यात आता खाजगी विद्यापीठं पूर्ण ऑनलाइन एम.ए. एज्युकेशन घेऊन आलीत, त्यांचा अ‍ॅडमिशनवाला मुलगा दिवसातून चारदा फोन करतो आणि चारही वेळा 'मॅम, डिस्काउंटचा आज लास्ट डे' असतो. मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरा असं यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्येच सांगून टाकलंय, त्यामुळे चिंता नको. फक्त त्यातला 'मान्यताप्राप्त' हा शब्द वाचू नका. काही किरकिरे लोक यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर जाऊन हे विद्यापीठ, हा कोर्स, हे सत्र यादीत आहे का ते बघत बसतात. त्याला दहा मिनिटं लागतात हो! आणि न बघता घेतलं तर पुढे सेवापुस्तकात नोंद होत नाही म्हणून चकरा मारण्यात दोन वर्षं कशी भुर्रकन जातात, कळतसुद्धा नाही.

मग आयडी काढायचे. आधी एबीसी आयडी (क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा), मग डीईबी आयडी (त्याच डिस्टन्स ब्युरोचा), आणि आधारला जोडलेला नंबर असतो तुमचा २०१२ चा, जो आता तुमचा भाऊ वापरतो, तो असतो डोंगरपल्याड रेंज नसलेल्या जागी. ओटीपी दहा मिनिटांत एक्स्पायर होतो. संयम हा नेतृत्वाचा पहिला गुण, ही सुरुवात समजा.

आता खरी परीक्षा, ना हरकत. नोकरीत राहून शिकायचं तर संस्थेची पूर्वपरवानगी लागते आणि अर्ज जातो मुख्याध्यापकांमार्फत, म्हणजे ज्यांच्या खुर्चीवर आपला डोळा त्यांच्याकडूनच 'माझी काही हरकत नाही' असं लिहून घ्यायचं. आमच्या सरांनी माझा अर्ज वाचला, चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला, परत वाचला आणि म्हणाले, "मॅडम, काही घाई आहे का?" मी म्हटलं छे छे सर, आपलं ज्ञानासाठी. त्यांनी अर्ज टेबलाच्या काचेखाली सरकवला, साईबाबांच्या फोटोशेजारी. तिथे तो नऊ दिवस होता. रोज मस्टरवर सही करायला गेले की दिसायचा. दहाव्या दिवशी सही मिळाली आणि त्याच सहीच्या पेनाने दहावीचे जादा तास, सहलीचा हिशोब आणि परसबाग माझ्या नावावर झाली.

अभ्यासाचं टेन्शन घेऊ नका. पोर्टलला तुम्हाला कळलं का याच्याशी देणंघेणं नसतं, व्हिडिओ शेवटपर्यंत चालला का एवढंच बघतं. तेव्हा मोबाईल गव्हाच्या डब्याला टेकवायचा, व्हिडिओ चालू करायचा आणि कणीक मळायला घ्यायची. मध्येच पॉप-अप येतो, 'तुम्ही अजून पाहत आहात का?', त्याला करंगळीने 'होय' म्हणायचं, बाकीची बोटं भरलेली असतात. माझ्या स्क्रीनच्या कडेला परिवर्तनवादी नेतृत्वाच्या तिसऱ्या युनिटची कणीक अजून वाळलेली आहे, निघत नाही.

स्वाध्याय तर विचारूच नका. ग्रुपवर मागच्या बॅचची पीडीएफ येते, नाव आणि पीआरएन (नोंदणी क्रमांक) बदलायचा की झालं. माझा प्रकल्प होता 'माझ्या शाळेतील विद्यार्थी गळती: कारणे व उपाय'. चौदाव्या पानावर शाळेचं नाव बदलायचं राहिलं, त्यामुळे माझ्या शाळेतली गळती ही दुसऱ्याच तालुक्यातल्या ऊसतोडीमुळे होते असा निष्कर्ष निघाला (आमच्याकडे ऊसच नाही, भात आहे). चांगले मार्क पडले. त्याच आठवड्यात नववी ब मधल्या एका पोराने निबंध गाईडमधून जसाच्या तसा उतरवला म्हणून मी त्याच्या वडिलांना शाळेत बोलावून घेतलं होतं, मूल्यशिक्षणात आपण तडजोड करत नाही.

थिअरी मात्र मनापासून वाचा, फार उपयोगी आहे. 'वितरित नेतृत्व' म्हणून एक प्रकार आहे, तो वाचल्यावर मला आमचे सर किती काळाच्या पुढे होते ते कळलं. शाळेची माहिती भरायचं यू-डायस शिंदे सरांकडे, पगाराचं शालार्थ क्लार्ककडे, शाळेच्या मूल्यमापनाची शाळासिद्धी नवीन लागलेल्या पोरीकडे, पोरांचं आधार व्हॅलिडेशन ज्याचा मोबाईल चांगला त्याच्याकडे. सगळं वितरित! स्वतःकडे त्यांनी फक्त नेतृत्व ठेवलं होतं. पुस्तकात 'शाळेचं व्हिजन' यावर अख्खं प्रकरण असेल, पोषण आहाराच्या तांदळावर एक ओळ नसेल. पहिली ते पाचवीला डोई १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५०, आणि गोणी ५० किलोची म्हणून उतरते पण वजनकाट्यावर ती स्वतःच्या मताने वागते, त्या दोन किलोंचं काय करायचं हे कुठल्याही सेमिस्टरला नाही. आधार जुळत नसलेली पोरं संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) धरली गेली नाहीत आणि एक शिक्षक अतिरिक्त ठरला तर त्याच्या बायकोला फोनवर काय सांगायचं, तेही नाही. पण चार्ट आहेत, बाण आहेत, वर्तुळात वर्तुळं आहेत, बघून बरं वाटतं.

आणि हो, एक किरकोळ बाब राहिली, ती पदवी हातात आल्यावरच बघायची असते म्हणून शेवटी सांगते. खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक कोण होतो हे १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत लिहिलंय. पदवी, बी.एड., पाच वर्षांचा अनुभव, आणि एवढं ज्यांच्याकडे आहे त्यातला सेवाज्येष्ठ. ज्येष्ठता कशी लावायची ते अनुसूची 'फ' मध्ये. नेतृत्वातली पदव्युत्तर पदवी असेल तर रांगेत पुढे घ्यावं असं त्यात मला कुठे दिसलं नाही, मी तीनदा वाचलं, एकदा चष्मा पुसून.

मी यादीत दुसरी आहे. पहिल्या नंबरच्या मॅडम माझ्या आधी चार महिने लागल्या. त्या निवृत्त झाल्या की मीच, असा माझा सरळ हिशोब होता, त्याच हिशोबावर फी भरली. मग एक दिवस यादीतला जन्मतारखेचा रकाना नीट बघितला. त्यांची १ जून १९७५. माझी पण १ जून १९७५. आमच्या गावच्या गुरुजींनी नाव घालताना आईला विचारलं होतं, कधीची पोर? आई म्हणाली, पाऊस लागायच्या आधीची. गुरुजींनी एक जून लावला. त्यांच्या गावच्या गुरुजींनीही तेच केलं असणार, तेव्हा अख्खा महाराष्ट्र एक जूनलाच जन्मायचा.

म्हणजे ३१ मे २०३३ ला आम्ही दोघी एकाच दिवशी निवृत्त. एकच कार्यक्रम, एकाच मंडपात, संस्थेला हार-नारळात पण बचत. त्यांच्या सत्काराचं प्रास्ताविक मी करायचं असं आत्ताच ठरलंय, माझा नेतृत्वाचा कोर्स झालाय ना!

तुम्ही मात्र दुसऱ्या सेमिस्टरची फी ३० तारखेच्या आत भरा, नंतर लेट फी लागते.