बेदाणा कोण खाण्यात धरतंय?

सकाळी चहा पिता पिता स्टेटस बघत होते. आमच्याच कॉलनीतल्या एका पोरानं व्हिडिओ टाकलाय. लॅब्राडॉरचं गुबगुबीत पिल्लू, पुढं स्टीलची ताटली, ताटलीत मूठभर पिवळाधमक बेदाणा, आणि पिल्लू मचामचा खातंय. वर लिहिलंय, ‘सांगलीचा बेदाणा, आमच्या टायगरला पण सोडवंना!’ लोकांनी खाली बदामावर बदाम पाठवलेत. सगळा सुकामेवाच चाललाय म्हणायचा.

माझा चहा तिथंच राहिला. त्याच्या आईला फोन लावला. म्हटलं, वहिनी, आधी ती ताटली उचला आणि पिल्लाला डॉक्टरकडं न्या. तर म्हणाल्या, “अगं काय होत नाही. आमच्या माहेरची कुत्री बागेतच असतात, घडच्या घड खातात. तू लई मनाला लावून घेतेस.”

घेते मनाला लावून. कारण मी वाघ्याला बघितलंय.

आपण कुठं राहतो ते तरी बघा. तासगावच्या सौद्यात बेदाण्याला काय दर निघाला हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. द्राक्षं वाळवायच्या आधी बुडवतात त्या पाण्यात डिपिंग ऑइल किती टाकायचं, पाऊस लागला की माल कसा काळा पडतो, गंधकाची धुरी कधी द्यायची, सगळं पाठ. आणि हाच बेदाणा कुत्र्याच्या किडन्या निकामी करू शकतो, हे मात्र घरात कुणाला ठाऊक नाही. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यानं हे माहीत नाही म्हटलं तर समजू शकते. आपण म्हणायचं?

वाघ्या माझ्या मामाच्या बेदाणा वाळवायच्या शेडवरचा कुत्रा. मणेराजुरीला. काळा, छातीवर पांढरा ठिपका, गावठीच, पण रुबाब असा की व्यापाऱ्याची गाडीसुद्धा फाटकाबाहेर थांबायची. मार्चचे दिवस होते, रॅकवरनं माल उतरवलेला, बायका निवडणीला बसलेल्या. मी दोन दिवस राहायला गेले होते. निवडता निवडता कुणीतरी चार बेदाणे वाघ्याकडं टाकायचं, तो हवेत झेलायचा, बायका हसायच्या. वर्षानुवर्षं हेच चालू होतं. त्या रात्री कोपऱ्यातला एक पंधरा किलोचा बॉक्स फाटलेला होता आणि वाघ्या सुटा होता. पुढचं सांगायला नको.

पहाटे उलट्या. मामीनं राख टाकून झाडून घेतलं. म्हणाली, कुठं काहीतरी घाण खाल्लं असंल. दुपारी ताक पाजलं. संध्याकाळी तो उठेना. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या भांड्याजवळ नुसता मान टाकून पडलेला, आणि तोंडाला असा उग्र वास की जवळ बसवेना. मिरजेच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी पहिलंच विचारलं, “काय खाल्लं होतं?”

मामा म्हणाला, “काय नाही ओ. रोजचीच भाकरी-दूध.”

तीनदा विचारलं, तीनदा हेच उत्तर. सलाईन लागल्यावर मामी हळूच माझ्या कानात म्हणाली, “उलटीत बेदाणं होतं की गं, फुगल्यालं.” मी डॉक्टरांना सांगितलं. मामा चिडला माझ्यावर. म्हणाला, “बेदाणा कोण खाण्यात धरतंय?”

रक्ताचा रिपोर्ट आला, क्रिएटिनीन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात साठतं ते, भलतंच वाढलेलं. लघवी जवळजवळ बंद. सलाईन चालू ठेवलं, पण वाघ्या गेला.

डॉक्टर तेव्हा काय म्हणाले ते डोक्यात पक्कं बसलंय. पोटात गेल्यावर पहिल्या तास-दोन तासांत आणला असता तर उलटी करवून बराचसा माल बाहेर काढता आला असता. उलट्या बहुतेक वेळा पहिल्या दिवसभरात सुरू होतात, आणि किडनीचा घोळ त्यानंतर एक ते तीन दिवसांत. मधल्या काळात कुत्रं जरा बरंही वाटतं. तिथंच माणसं फसतात.

आता ‘काय होत नाही’वाल्यांसाठी. हो, मान्य, प्रत्येक कुत्र्याला होत नाही. काही कुत्री खातात आणि त्यांना काहीही होत नाही. झालं समाधान? पण कुठल्या कुत्र्याला होणार आणि किती दाण्यांनी होणार, हे आधी सांगता येत नाही, गोम तिथंच आहे. अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांनी हे २००१ च्या सुमारास पहिल्यांदा नीट मांडलं, आणि त्यानंतर वीस वर्षं नेमकं द्राक्षातलं काय बाधतं ते कळत नव्हतं. २०२१ मध्ये टार्टारिक आम्लावर बोट ठेवलं गेलं. हे आम्ल द्राक्षाच्या जातीप्रमाणं आणि पिकण्याप्रमाणं कमी-जास्त असतं. म्हणजे तुमच्या माहेरच्या कुत्र्यानं खाल्लेला घड आणि टायगरच्या ताटलीतला बेदाणा एकच नव्हे. त्यात चार किलो द्राक्षाचा साधारण किलोभर बेदाणा होतो, हे मी सांगलीकरांना सांगायचं का? पाणी उडतं, बाकीचं सगळं तेवढ्यात गोळा होतं. आणि तेच आम्ल चिंचेत असतं. चिंच खाऊनही कुत्र्यांच्या किडन्या बिघडल्याची उदाहरणं आहेत. आपली आमटी चिंचेशिवाय होत नाही, आणि उरलेली आमटी-भाकरी कुत्र्याच्या भांड्यात.

वाघ्यानंही वर्षानुवर्षं झेलले होते. काही झालं नव्हतं. त्या रात्रीपर्यंत.

मामीवर माझा राग नाही. ती स्वतः जेवायच्या आधी त्याची भाकरी कुस्करायची, जास्तच गरम असली तर फुंकून द्यायची. तो गेल्यावर तिनं दोन दिवस चूल पेटवली नाही, मामानं बाहेरनं आणून खाल्लं. तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. माझा राग आहे तो सांगितल्यावर हसणाऱ्यांवर. हातात फोन, फोनमध्ये सगळं जग, आणि तरी ‘लई मनाला लावून घेतेस’.

आणि बेदाण्यावरच थांबत नाही ना आपण. भडंग खाताना शेवटची मूठ कुत्र्याला टाकायची, त्यात तळलेला लसूण. कांदा-लसूण कच्चा असो, शिजवलेला असो, वाळवून पूड केलेला असो, कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो, आणि मांजराला तर फार थोडा पुरतो. आखाडात मटणाचा रस्सा भातावर ओतून ‘आज त्याची पण मजा’. त्या रश्श्यात कांदा-लसूण नाही तर दुसरं काय असतं? वर कोंबडीची शिजलेली हाडं. शिजलं की हाड ठिसूळ होतं, उभं चिरतं, टोकं घशात नाहीतर आतड्यात घुसतात. वाढदिवसाला चॉकलेटचा केक कुत्र्याला भरवून फोटो. शुगर-फ्री गोळ्या आणि च्युइंगमसुद्धा उघड्यावर ठेवू नका, त्यात झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोडवा, असला तर कुत्र्याची साखर धाडकन खाली येते, यकृत जातं.

सगळ्यात डोकं फिरतं ते औषधांवर. मागं एका ओळखीच्यांनी मांजराला ताप आला म्हणून पॅरासिटामॉल चारली. घरचीच गोळी, अर्धी. मांजराचं यकृत ती पचवूच शकत नाही. हिरड्या चॉकलेटी पडल्या, श्वास लागला, आणि संपलं. पदवी आहे त्यांच्याकडं, भिंतीवर फ्रेम करून लावलेली. आणि गोठ्यातलं गोचिडाचं औषध अंदाजे पाण्यात कालवून कुत्र्या-मांजराच्या अंगाला चोळणारे तर गल्लोगल्ली. जनावर ते अंग चाटतं हो! गोचिडाचा बंदोबस्त करायलाच पाहिजे, गोचीडतापानं रक्त आटलेली कुत्री मीही बघितलीत, पण कुठलं औषध आणि किती, हे वजन करून डॉक्टर ठरवतात.

डॉक्टर परवडत नाही म्हणाल. खरंय, खासगीत बिल होतं, नाही म्हणत नाही. पण सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे की. तिथं फक्त म्हशीच नेतात असं कुणी सांगितलं? तीन महिन्यांचं पिल्लू झालं की रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर, पुढं दरवर्षी. लहानपणीच पार्वोची, पिल्लांना उलट्या आणि रक्ताचे जुलाब लावतो त्या रोगाची. आणि नदीकाठच्यांनी लेप्टोचीही विचारा, कारण २०१९ ला गल्ल्यांतनं कृष्णा कशी फिरली ते आपण बघितलंय, आणि उंदरांचं मूत मिसळलेल्या पाण्यातनंच तो रोग येतो, कुत्र्यालाही आणि आपल्यालाही.

बाकी रोजची काळजी म्हणजे काही थाट नाही. ताजं पाणी, उन्हाळ्यात दोनदा बदललेलं. भाकरी, भात, उकडलेलं अंडं, बिनमिठाचं बिनमसाल्याचं चिकन हाडं काढून. अंगावरनं हात फिरवताना कानात, बोटांच्या मधे बघायचं. हिरड्या गुलाबी आहेत का बघायचं. मोठ्या झालेल्या मांजराला वाटीभर दूध पाजून जुलाब लावायचे नाहीत. लॅब्राडॉरला पोट भरल्याचं कळत नाही, ते तुम्हाला कळायला पाहिजे. उलट जतकडची कारवानी कुत्री मुळातच सडपातळ, त्यांना ‘वाळलाय’ म्हणून तूप-रोटी चारू नका.

हे लिहीत असताना त्या वहिनींचा मेसेज आलाय. ‘त्याला नेलंय दवाखान्यात, डॉक्टरनी उलटी करवली, उद्या रक्त तपासणार.’ बरं वाटलं. सकाळी फोनवर मी जरा जास्तच ताडताड बोलले असेन, पण शब्द मागं घेणार नाही.

तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस भागातले शेडवाले माझ्या यादीत बरेच आहात. निवडणीच्या बायकांना एकदा सांगून ठेवा. शेडवर कुत्रं असेल तर रात्री रॅकपासून लांब बांधा, फाटलेला बॉक्स तसाच टाकू नका. खाल्लंच, तर घरगुती उपाय नकोत, मीठ-पाणी पाजू नका, उलटीची वाट बघू नका, सरळ गाडीत घाला आणि जाता जाता डॉक्टरांना फोन करा. किती दाणे, किती वाजता, आणि कुत्र्याचं वजन, एवढं सांगा.

आणि सांगली-मिरज-तासगाव पट्ट्यात रात्री फोन उचलणारे जनावरांचे डॉक्टर कुणाला माहीत असतील तर मला इनबॉक्स करा. त्यांना विचारूनच यादी करते आणि शेडवाल्यांच्या ग्रुपवर टाकते. हंगामात तिकडं लागतेच.