'थिन' 'तनु'चा मुलगा नाही, चुलतभाऊ आहे

परत तो फॉरवर्ड फिरायला लागलाय. इंग्रजी थिन (पातळ) हा शब्द आपल्या तनुवरून आला, इंग्रज इथे आले तेव्हा घेऊन गेले, आणि स्लिम पण संस्कृतच, श्लक्ष्ण (गुळगुळीत, नाजूक) वरून. आमच्या फॅमिली ग्रुपवर तीन काकांनी टाकला, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

इथून नेला हे तर तारखेतच बसत नाही. ईस्ट इंडिया कंपनी 1600 ची, आणि थिनचं जुनं रूप 'थ्युन्ने' त्याच्या निदान पाचशे वर्षं आधीच्या इंग्रजीत आहे. त्याच अर्थाचा शब्द जर्मनमध्ये ड्युन, लॅटिनमध्ये तेनुइस, तिकडे कोणती कंपनी पोचली होती?

पण तनुशी नातं आहे, ते खोटं नाही, आणि खरी मजा तिथेच. दोघांचं मूळ एकच, संस्कृतच्याही आधीचं, अर्थ ताणणे. खानदेशात पुरणाचे मांडे करताना बघितलंय का कोणी, बाई पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत फिरवत ताणते, आणि ताणत जाते तसा तो पातळ होत होत कोपरापर्यंत येतो, मग खापरावर. ताणलं की पातळ, एवढंच लॉजिक आहे. ताण, तंतू, तन्वी सगळी तीच भावकी. तनु म्हणजे फक्त शरीर असं फॉरवर्डवाला म्हणतो, पण संस्कृतात तनु विशेषण पण आहे, बारीक, नाजूक या अर्थाचं, हा त्याच्याच फायद्याचा मुद्दा त्याला माहीत नाही!

मग उसना नाही कशावरून? तर आवाजावरून. उसना शब्द साधारण आहे तसाच जातो, लूट तिकडे जाऊन लूटच राहिली, जंगल जंगलच. इथे त चा थ झालाय, आणि एकट्या थिनमध्ये नाही, त्रि-थ्री, तृषा-थर्स्ट, तृण-थॉर्न, ओळीने सगळीकडे तेच. हा नियम याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडला (हो, परीकथावाल्या ग्रिम भावांपैकीच).

स्लिमचं मात्र साफच चुकलंय. तो 17व्या शतकात डचमधून इंग्रजीत आला, मूळ अर्थ तिरकं, वाकडं. जर्मनमध्ये श्लिम म्हणजे आजही वाईट, डचमध्ये स्लिम म्हणजे हुशार. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर, म्हणजे मुख्यतः डच वंशाच्या, लोकांचा जनरल पीट जूबेर, त्याला 'स्लिम पीट' म्हणायचे ते कंबर बारीक म्हणून नाही, बेरकी होता म्हणून.