गवत अर्धं ओलं असतानाच

काकाडूवरच्या लेखात म्हटलंय की उत्तर ऑस्ट्रेलियातल्या या राष्ट्रीय उद्यानातले मूळनिवासी बिनिंज लोक 'गवत पूर्ण वाळलं की' रान पेटवतात. नेमकं उलटं आहे हो! एप्रिलच्या सुमारास बांगेरेंग ऋतूतली वादळं पुरुषभर उंचीच्या गवताला लोळवतात. मग येग्गे ऋतूत, म्हणजे मे ते मध्य जून, वुलीबट निलगिरीला नारिंगी फुलं येतात, वारा कोरडा होतो आणि जाळायला सुरुवात होते. तेव्हा गवताचं बूड अजून हिरवट असतं, म्हणून जाळ बुटका राहतो, रात्रीच्या दवाने बहुतेक विझतो आणि जळलेल्या-न जळलेल्या तुकड्यांची गोधडी तयार होते. सरडे-कांगारूंना पळायला जागा उरते. गर्द वेलींच्या दमट रानाला आग सोसत नाही, म्हणून त्याच्या कडेचं गवत आधीच जाळून टाकतात.

पूर्ण वाळेपर्यंत थांबलात तर मध्य ऑगस्टनंतरच्या गुरुंग ऋतूतल्या गरम वाऱ्यात आग शेंड्यापर्यंत चढते. पानं होरपळून गळतात, म्हणजे नवं सरपणच! ढोलीची जुनी झाडं कोसळतात, त्यातले पक्षी आणि पोसम (झाडांवर राहणारे पिशवीवाले प्राणी) बेघर. (मे महिन्यात धूर दिसला की तक्रार करणाऱ्या पर्यटकांनी हे वाचावं.) शेजारच्या पश्चिम आर्नहेम लँडमध्ये 2006 पासून याच लवकरच्या जाळण्यावर हरितगृह वायू कमी करण्याचा प्रकल्प चालू आहे, त्याचाही उल्लेख हवा होता. आणि आफ्रिकेतून आणलेल्या गांबा गवताचा तर नक्कीच. ते चार मीटरपर्यंत वाढतं, उशिरा वाळतं आणि तिथे हा बुटका जाळ जमतच नाही.