सीव्ही सारखे टाकले म्हणून इंजिनं सारखी पळत नाहीत

सांगली-मिरजेकडच्या मॉडेल रेल्वेवाल्यांत एक फॉरवर्ड जोरात फिरतोय: "डीसीसी इंजिनांची जोडी लावायची तर सगळ्यांत सीव्ही २, ५, ६ सारखे टाका, बॅक-ईएमएफ चालू ठेवा, कन्सिस्ट करा. वेग आपोआप जुळतो. खऱ्या रेल्वेत तरी कोण जुळवत बसतं?" (डीसीसी म्हणजे प्रत्येक इंजिनातल्या डिकोडर नावाच्या चिपला रुळातून वेगळे हुकूम देण्याची पद्धत; सीव्ही म्हणजे त्या डिकोडरातली क्रमांक दिलेली सेटिंगं; बॅक-ईएमएफ म्हणजे मोटरचा वेग ओळखून तो कायम राखणारी सोय; कन्सिस्ट म्हणजे दोन-तीन इंजिनं एकत्र चालवणं.) त्या फॉरवर्डमधलं एकही वाक्य जसंच्या तसं घेण्यासारखं नाही.

आधी ती खरी रेल्वे. दोन अल्को डिझेलं जोडून मालगाडी पुणे-मिरज मार्गावरचा आदर्कीचा घाट चढायची, तेव्हा एकावर भार वाढला की त्याच्या डीसी मोटरा आपसूक मंदावायच्या आणि दुसरं इंजिन तो भार उचलायचं. शिवाय तिथे चाक फिरलं की मोटरही फिरते. मॉडेलमध्ये मोटरच्या दांड्यावर वर्म गिअर (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) असतो. वर्म चाकाला फिरवतो, पण चाक सहसा वर्मला फिरवू शकत नाही. त्यामुळे हळू इंजिन ओढून पळत नाही, चाकं घासत फरफटतं. ते पुढे असेल तर मागचं त्याला ढकलतं आणि वळणावर किंवा पॉइंटवर गाडी उतरते.

आता सारखे आकडे. सीव्ही ५ म्हणजे वेग नव्हे. कमाल स्टेपला, म्हणजे वेगाच्या सगळ्यांत वरच्या पायरीला, मोटरला किती जोर द्यायचा, एवढंच तो सांगतो. मोटर, गिअरचं प्रमाण, चाकाचा व्यास यांतलं काही बदललं की त्याच आकड्याला वेग वेगळा. काही जुन्या साउंड डिकोडरांत ५ आणि ६ नसतातच; तिथे सीव्ही ६७ ते ९४ चा स्पीड टेबल (पायरीगणिक वेगाचा तक्ता) भरायचा आणि तो चालू करायला सीव्ही २९ मध्ये १६ मिळवायचे. उलट टेबल आधीच चालू असेल, तर ५-६ बदलून सहसा काही फरक पडत नाही. तासभर डोकेफोड करण्याआधी सीव्ही २९ वाचून घ्या.

जुळवायचं ते घड्याळावर. चाकं आणि रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पावसाळ्यात साताऱ्याच्या दमट हवेत तर पुसल्याशिवाय मोजूच नका. प्रत्येक इंजिन दोन्ही दिशांना १५-१५ मिनिटं पळवून गरम करा. सीव्ही ३ आणि ४ (मोमेंटम, म्हणजे वेग किती सावकाश वाढावा-उतरावा) शून्यावर आणा. सपाट, सरळ रुळावर २ मीटरच्या खुणा करा. एचओमध्ये (१:८७ प्रमाणाच्या मॉडेलांत) ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला साधारण १९ सेंमी, म्हणजे हे अंतर १०.४ सेकंदांत कापलं पाहिजे.

कमाल स्टेपला सगळ्यांत हळू पळणारं इंजिन हाच मापदंड. वेगवान इंजिनाला आवरता येतं, हळूला क्षमतेपलीकडे पळवता येत नाही. समजा हळूला ७ सेकंद लागले आणि दुसऱ्याला सीव्ही ५ = २५५ असताना ५.६. मग २५५ × ५.६ ÷ ७ = २०४ पासून सुरुवात करा आणि दोन-चार अंकांनी खालीवर करत जा. नंतर मधल्या स्टेपला सीव्ही ६, शेवटी पहिल्या स्टेपला सीव्ही २. हा बदलला की मधला वेग थोडा हलतो, म्हणून दुसरी फेरी लागतेच. मग दोघं न जोडता २० सेंमी अंतराने एकाच लूपवर सोडा. फेरीमागे अंतर दोन-चार सेंमीने बदललं तर चालतं. पुढचं किंचित वेगवान ठेवा, कपलिंग ताणलेलं राहतं.

बॅक-ईएमएफने वेग जुळतो हे तर नेमकं उलट आहे. तो मोटरचे फेरे धरून ठेवतो, शेजारच्या इंजिनाशी त्याला देणंघेणं नाही. वेग जुळलेला नसेल तर दोन्ही डिकोडर आपापला हट्ट चालवतात, गाडी हिसके देते आणि मोटरा तापतात. तो बंद करू नका, पण आधी जुळवा. तरीही कुरबुर राहिली तर दोघांतही त्याचा जोर कमी करा.

कन्सिस्टबद्दल फार लिहायला नको. सीव्ही १९ मध्ये दोघांना एकच पत्ता मिळतो (उलट तोंड असलेल्यात १२८ मिळवून), बाकी काही नाही. वेगाचे आणि मोमेंटमचे सीव्ही ज्याचे त्याच्याकडेच राहतात. शून्यावर आणलेले सीव्ही ३-४ परत भरताना तेच सारख्या आकड्यांचं भूत आडवं येतं: डीसीसीच्या मानकात एक अंक म्हणजे पूर्ण वेगापर्यंत सुमारे ०.९ सेकंद, पण काही डिकोडरांत पाव सेकंद. एकात १० असेल तर दुसऱ्यात ३६ लागू शकतात.

आणि सांगलीत १४ व्होल्टला जुळवलेली जोडी साताऱ्यातल्या मित्राच्या १६ व्होल्टच्या लेआउटवर नेलीत, तर निदान कमाल वेग तरी पुन्हा मोजा.