विकत घ्या, पण मालक होऊ नका

नवं गॅजेट घेताय? घ्या, घ्या. मीही घेतो. आमच्या गल्लीत कुरिअरवाला पत्ता विचारत नाही, सरळ माझ्या दारात येतो. त्यामुळे या विषयात चार शब्द सांगायचा मला हक्क आहे असं मी समजतो. घरातल्यांचं मत वेगळं आहे, ते सोडा.

पहिला नियम: जी वस्तू इंटरनेटशिवाय चालते ती घरात आणू नका. पंखा घ्यायचा तर असा, जो आधी तुमचा ईमेल विचारेल. बल्ब घ्यायचा तर असा, ज्याच्या पासवर्डात एक कॅपिटल अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह असलंच पाहिजे. भिंतीवरचं बटण दाबून दिवा लावणं हे मागासलेपणाचं लक्षण आहे. तुम्ही अंथरुणात पडल्या पडल्या फोन शोधा, अ‍ॅप उघडा, गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसा, 'डिव्हाइस ऑफलाइन आहे' हे वाचा, मग उठा आणि ठेचकाळत जाऊन राउटर बंद-चालू करा. अंधारात. याला सोय म्हणतात.

काय घ्यावं हे सुचत नसेल तर थोरामोठ्यांची उदाहरणं समोर आहेत. अमेरिकेत ज्युसेरो नावाच्या कंपनीने रस काढायचं यंत्र आणलं होतं. आधी किंमत ६९९ डॉलर, मग ३९९. त्यात कंपनीचीच चिरलेल्या फळं-भाज्यांची पिशवी घालायची, यंत्राला वाय-फाय द्यायचं, ते पिशवीवरचा कोड वाचणार आणि तारीख उलटून गेली असेल तर रस काढायला नकार देणार. गुंतवणूकदारांनी यात सुमारे १२ कोटी डॉलर ओतले. एप्रिल २०१७ मध्ये ब्लूमबर्गच्या बातमीदारांनी ती पिशवी नुसती हातात धरून पिळली. रस आला. जवळजवळ तेवढाच आला. सप्टेंबरात कंपनीने गाशा गुंडाळला. मला त्या बातमीदारांचं नवल वाटतं, एवढं सुरळीत चाललेलं असताना पिळायची काय गरज होती?

ज्यूस नको असेल तर ह्युमेन कंपनीची एआय पिन होती. शर्टाला लावायची, फोनची गरजच उरणार नाही म्हणाले. ६९९ डॉलर रोख आणि वर महिन्याला २४ डॉलर. एप्रिल २०२४ मध्ये लोकांच्या हातात पडली आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला सर्व्हर, म्हणजे पिनचं काम करणारे कंपनीकडचे संगणक, बंद. एचपीने ११ कोटी ६० लाख डॉलर मोजून कंपनीचं तंत्रज्ञान, पेटंट आणि माणसं उचलली. पिना मात्र उचलल्या नाहीत, त्या ज्याच्या त्याच्या शर्टावर राहिल्या. पण ग्राहकांना वाऱ्यावर सोडलं असा आरोप करू नका. काही गोष्टी सर्व्हरशिवायही चालतील असं कंपनीने रीतसर कळवलं होतं. उदाहरणार्थ, बॅटरी किती उरली आहे ते दिसेल. सातशे डॉलरची बॅटरी, आणि ती किती उरली ते स्वतःच सांगणार. आणखी काय हवं माणसाला!

गाडी घेतली म्हणजे गाडी आपली झाली, अशा भ्रमात राहू नका. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत सीट गरम करायची सोय महिन्याला साधारण १८ डॉलर भाड्याने देऊ केली होती. सीटमध्ये तारा आधीच बसवलेल्या, त्या तारांचे पैसे गाडीच्या किमतीत, फक्त कुलूप सॉफ्टवेअरचं. लोक इतके भडकले की पुढच्या वर्षी हा प्रकार मागे घ्यावा लागला. त्यातून शहाणपण यावं तर २०२५ मध्ये फोक्सवॅगनने ब्रिटनमध्ये आयडी.३ च्या काही गाड्यांना जास्तीची ताकद महिन्याला १६.५० पौंडांत देऊ केली. मोटर तीच हं. आपल्याला सीटच्या बाबतीत तरी काळजी नाही. मे महिन्यात गाडी नागपूरला उन्हात लावा, सबस्क्रिप्शन फुकट.

गेमचं अपडेट नेहमी शनिवारी रात्री, मित्र जमल्यावर आणि कंट्रोलर हातात घेतल्यावरच सुरू करा.

फ्रिज स्क्रीनवालाच घ्या. सॅमसंगने २०२५ मध्ये अमेरिकेत आपल्या काही फ्रिजांच्या स्क्रीनवर जाहिराती दाखवायला सुरुवात केली आहे. हजारो डॉलर देऊन घरात होर्डिंग उभं करायची संधी पूर्वी फक्त नगरसेवकांना असायची.

प्रिंटर घेऊ नका. यात उपरोध नाही.

आता गेमवाल्यांसाठी. डिस्क कपाटात आहे म्हणजे गेम आपल्याकडे आहे, असं समजणारे भाबडे जीव अजून आहेत. यूबीसॉफ्टचा 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम २०१४ मध्ये आला. एकट्याने खेळायचा म्हटलं तरी त्याला कंपनीचा सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाला आणि पुढे लोकांच्या खात्यांतून परवानाही काढून घेतला. डिस्क ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडे ती अजून आहे. छान चकाकते. कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून कायदाच लागू आहे, की हा माल तुम्हाला विकलेला नसून वापरायचा फक्त परवाना दिला आहे, हे डिजिटल दुकानांनी ग्राहकाला स्पष्ट सांगायचं. म्हणजे लुबाडायला हरकत नाही, सांगून लुबाडा.

सोनीचा 'कॉनकॉर्ड' हा गेम त्या मानाने सज्जन. २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला, आपल्याकडे गणपती बसायच्या आदल्या दिवशी, त्याचं विसर्जन झालं. पण निदान पैसे परत दिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच सोनीचं प्लेस्टेशन नेटवर्क जवळपास दिवसभर झोपलं, तेव्हा 'प्लेस्टेशन प्लस'च्या वर्गणीदारांना पाच दिवस वाढवून मिळाले. कारण काय, तर 'ऑपरेशनल इश्यू'. ऑफिसला दांडी मारून दुसऱ्या दिवशी साहेबांना हेच सांगून बघा.

आणि झोपताना गादी क्लाउडवालीच, म्हणजे इंटरनेटवरून दूरच्या संगणकावर चालणारीच वापरा. २० ऑक्टोबर २०२५, आपल्याकडे नरकचतुर्दशी. उटणं लावून, कारीट फोडून, चकल्या-चिवडा हाणून आपण दुपारी आडवे व्हायच्या बेतात होतो. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती आणि व्हर्जिनियातल्या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये डीएनएसचा, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीचा, घोळ झाला. स्नॅपचॅट गेलं, फोर्टनाइट गेलं, रोब्लॉक्स गेलं, अलेक्सा मुकी झाली. ते समजू शकतो. पण एट स्लीप नावाच्या कंपनीच्या, दोन हजार डॉलरच्या पुढे किंमत असलेल्या गाद्याही गेल्या! कुणाची तापत राहिली, कुणाची डोक्याकडून उचललेली तशीच अडकून बसली. माणसं झोपेतून उठून आपल्याच पलंगाशी झगडत होती. कंपनीच्या प्रमुखाने माफी मागितली आणि थोड्याच दिवसांत इंटरनेट नसताना ब्लूटूथवर गादी चालवायची सोय दिली.

म्हणजे करता येत होतं. हे लक्षात ठेवा, कारण आता मला आमच्या गिझरबद्दल बोलायचं आहे.

आमच्या इमारतीत बिल्डरने प्रत्येक फ्लॅटला 'स्मार्ट होम पॅकेज' दिलं आहे. मागितलं नव्हतं. सोलापुरी चादर द्यावी तसं भेट म्हणून दिलं, किंमत फ्लॅटमध्ये धरून. दिवे, पंखे, गिझर सगळं एका काचेच्या पॅनलवर आणि ते पॅनल एका अ‍ॅपवर. त्या अ‍ॅपला लोकेशन लागतं. का? गिझर बाथरूममध्येच आहे, तो कुठे फिरायला जाणार आहे? कॉन्टॅक्ट लागतात. गिझर माझ्या मावसभावाला फोन करणार आहे का? दर दोन दिवसांनी लॉगआउट होतं, ओटीपी येतो, आणि ओटीपी आला की 'आमचं अ‍ॅप कसं वाटलं? पाच स्टार द्या' येतं. हे सगळं आम्ही सहन केलं. आपण करतोच.

गेल्या आठवड्यात सकाळी आईला आंघोळीला जायचं होतं. अ‍ॅप उघडलं तर एक हसरा ढग आणि खाली इंग्रजीत निरोप, की ही सेवा आता उपलब्ध नाही, आमच्या प्रवासात सोबत राहिल्याबद्दल आभार. प्रवास? कुठला प्रवास? मी बाथरूमच्या दारात टॉवेल घेऊन उभा आहे! वीज आहे, टाकीत पाणी आहे, गिझर धडधाकट आहे, एमसीबी वर आहे. फक्त परवानगी नाही. पॅनलच्या आतल्या रिलेला, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचला, कुठल्यातरी सर्व्हरने 'हो' म्हटल्याशिवाय तो वीज सोडत नाही, आणि सर्व्हरवाल्यांनी दुकान बंद केलं आहे.

कस्टमर केअरला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा म्हणाले, तीन दाबलं, हिंदी आली. "सर, एक बार अ‍ॅप अनइन्स्टॉल करके रीइन्स्टॉल कीजिए." केलं. अ‍ॅप स्टोअरमधूनच गायब! असलेलंही गेलं. परत फोन लावला तर दुसरी बाई म्हणाली, आपका वॉरंटी पीरियड खत्म हो गया है. बाई, वॉरंटी गिझरची संपली, गिझर चालू आहे, बंद तुम्ही पडलात! बिल्डरच्या ऑफिसात विचारलं तर ते म्हणाले, तो व्हेंडर वेगळा. व्हेंडर म्हणाला, आम्ही फक्त बसवतो. आई एवढा वेळ ऐकत होती. म्हणाली, "अरे, गॅसवर पातेलं ठेव आणि मग भांड त्यांच्याशी."

दुपारी सोसायटीचा वायरमन आला. त्याने ते काचेचं पॅनल खोललं, रिले बाजूला केला, साधा सोळा अँपिअरचा स्विच बसवला आणि चहा गार व्हायच्या आत निघाला. जाताना विचारलं, "साहेब, ही काच ठेवायची का?"

पाणी तापवायचं होतं हो! गिझरमध्ये असतं काय? एक कॉइल आणि एक थर्मोस्टॅट. पाणी तापलं की थर्मोस्टॅट स्वतःच वीज तोडतो. हे काम तो इंटरनेट जन्मायच्या आधीपासून बिनबोभाट करतोय. यात सर्व्हर घुसवायची गरज कुणाला होती? आंघोळ करणाऱ्याला तर नव्हती. अ‍ॅपवरून चालवता येणं चांगलंच आहे, ऑफिसातून निघताना गिझर लावता आला तर मला हवंच आहे. पण अ‍ॅप गेलं तर हाताने चालू करायला एक बटण ठेवायला काय धाड भरली होती? बटणाला किती खर्च येतो?

येत नाही म्हणून सांगू नका, येतं सगळं. गूगलने स्टेडिया ही गेम सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद केली तेव्हा कंट्रोलर आणि गेमचे पैसे परत दिले, वर कंट्रोलरचं ब्लूटूथ उघडून दिलं. लोक तो अजून वापरतात. उलट स्पॉटिफायने गाडीत गाणी लावायचं 'कार थिंग' नावाचं यंत्र ९ डिसेंबर २०२४ ला मारून टाकलं आणि आधी ग्राहकांना काय सांगितलं, तर कचऱ्यात नीट वर्गीकरण करून टाका. बोंबाबोंब झाल्यावर पैसे परत द्यायला लागले. आणि त्या 'द क्रू'च्या निमित्ताने रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम काढली, जुलै २०२५ पर्यंत युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या पडल्या, आणि त्याच यूबीसॉफ्टने 'द क्रू २' ला इंटरनेटशिवाय खेळायची सोय करून दिली. झाली की नाही? ओरडल्यावर झाली.

आपल्याकडे कोण ओरडतंय? बिस्किटाच्या पुड्यावर तारीख छापलेली नसली तर आपण दुकानदाराच्या तोंडावर फेकतो. गिझरवर विजेचे किती स्टार हे लावायची सरकारची सक्ती आहे. पण त्याच गिझरचा सर्व्हर किती वर्षं चालणार, हे कुठेही लिहिलेलं नसतं आणि आपण विचारतही नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून नेटला जोडायच्या वस्तूला सुरक्षा अपडेट निदान कधीपर्यंत मिळणार, हे विकतानाच सांगावं लागतं. सर्व्हर चालू राहील अशी हमी त्यातही नाही, पण निदान तोंडी फसवणूक तरी थांबते. इथे स्मार्ट सिटी, स्मार्ट मीटर, स्मार्ट होम असल्या पाट्या गावभर लावता, आणि साध्या स्टिकरची सक्ती करता येत नाही?

बिल्डरांनो, तुम्हाला तर हात जोडून नाही, खडसावून सांगतोय: लोकांच्या आंघोळीच्या पाण्याशी खेळू नका. ज्या कंपनीचं ऑफिस उद्या असेल की नाही हे तुम्हालाच ठाऊक नाही, तिच्या भरवशावर वीस-तीस वर्षांच्या कर्जाची घरं विकता, लाज वाटत नाही? आणि सोसायटीच्या ग्रुपवर 'माझं तर अजून चालू आहे' लिहून वर अंगठा दाखवणाऱ्यांनो, त्या पिनवाल्यांचंही २७ फेब्रुवारीला चालूच होतं. पुढचं गॅजेट घ्यायला जाल तेव्हा काउंटरवरच विचारा, कंपनी उद्या बुडाली तर हे चालेल का? तो म्हणेल, "सर, तसं काही होत नाही." लेखी मागा. नाही दिलं तर पेटी तिथेच ठेवा आणि बाहेर पडा. ईएमआयवर मिळतंय म्हणून परत वळू नका.