जवारी कोण काढणार?

मिरजेत लक्ष्मी मार्केटच्या मागच्या टपरीवर आमचा कट्टा भरतो. त्या संध्याकाळी बापूंनी व्हॉट्सॲपवर आलेला एक फोटो फिरवला. इथून आफ्रिकेत गेलेल्या डॉक्टरांचा चमू, पुढं फाटलेले ओठ शिवून घेतलेली पोरं, वर मजकूर: पाच दिवसांत साठ शस्त्रक्रिया.

"ह्याला म्हणतात पुण्य," बापू म्हणाले.

मालनआक्कांनी चष्मा वर सारून फोटो बघितला. छत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून काढलेली बाई. "सहाव्या दिवशी पोराला ताप आला तर कोण बघणार?"

"आक्का, तुम्हाला चांगलं काही बघवतच नाही."

"बघवतंय. म्हणून तर विचारतेय."

दिनू महिनाभराच्या रजेवर आला होता. तो युगांडात, कंपालाला औषध कंपनीत आहे. एरवी तिकडच्या बोडाबोडाच्या, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलींच्या, गमती सांगतो. त्या दिवशी मात्र त्यानं म्बाले काढलं. युगांडाच्या पूर्वेला, एल्गॉन डोंगराच्या पायथ्याचं गाव. कंपालापासून दोनशेच्या वर किलोमीटर. तिथं 2001 पासून मुलांच्या मेंदूच्या शस्त्रक्रियांचं क्युअर नावाचं मिशन इस्पितळ आहे. डोक्यात पाणी झालेली बाळं तिथं येतात. आपण ऐकतो त्यातली बरीचशी जन्मापासूनची असतात. तिथली निम्म्याहून जास्त जन्मल्यावर कसलातरी जंतुसंसर्ग होऊन झालेली. आयांना वाटतं बाळ फणफणलं होतं, बरं झालं. मग डोकं वाढायला लागतं.

"त्याला शंट घालतात," आक्का म्हणाल्या. "मेंदूतनं कातडीखालून पोटापर्यंत नळी. मधे व्हॉल्व्ह."

"बरोबर. त्या वेळी अमेरिकन शंट साडेसहाशे डॉलरला पडायचा. तिथले डॉक्टर बेंजामिन वॉर्फ यांनी आपल्याकडचा छाब्रा शंट वापरला. उत्तर प्रदेशात शाहजहानपूरला बनतो. पस्तीस डॉलर. दोन्ही शंटची मुलं वर्षभर तपासली, 2005 साली निकाल छापला. फरक सापडला नाही."

बापूंनी मांडीवर थाप मारली. "बघा! पस्तीस डॉलर! मिटला की प्रश्न."

"कुठला मिटला?" आक्का म्हणाल्या. "नळी तुंबते, बापू. तुंबली की पोर ओकायला लागतं, गुंगीत जातं. तेव्हा तासांचा हिशेब असतो. आमच्याकडं रात्री दोनला उठून शंट बदललेत. तिथली आई दोन मोटारी बदलून येईस्तोवर?"

इथं सलीमभाई पहिल्यांदा बोलले. तीन पिढ्या सतारी करणारं घर. "माझी सतार जर्मनीला गेली. वर्षानं फोन आला, आवाज बसला म्हणून. बसणारच. तार घासून तिच्याखालची घोडी झिजते, जवारी परत काढावी लागते, म्हणजे घोडी घासून आवाज परत खुलवावा लागतो. तिथं जवारी काढणारा कोण? सतार पाठवणं सोपं हो."

दिनू म्हणाला, वॉर्फ नेमके ह्याच ठिकाणी अडले. दुर्बीण घालून मेंदूच्या आतल्या पोकळीच्या तळाला भोक पाडायचं, म्हणजे पाण्याला दुसरी वाट मिळते. ही रीत जुनीच. पण वर्षाच्या आतल्या बाळांत ती निम्म्यालासुद्धा लागू पडत नव्हती, शंभरात 47. मग त्यांनी जोडीला पाणी तयार करणारा पदरच डागून टाकायला सुरुवात केली. शंभरात 66 झाली. आत नळी राहत नाही.

"म्हणजे तिसरं पोर फसलंच," बापू.

"फसलेल्याला शंट घालतात. आणि फसायचं असेल तर बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत फसतं. नळीवाल्याला जन्मभर टांगती तलवार. पुढं चिठ्ठ्या टाकून, काहींना नळी, काहींना दुर्बीण, अशी शंभर बाळांची तुलनासुद्धा झाली, 2017 ला निकाल आला. लिहिणाऱ्यांत पहिलं नाव कुलकर्णी."

"पुण्याचे असणार!"

"टोरांटोचे, बापू. वर्षभरानं दोन्ही गट सारखेच निघाले."

"सारखेच? मग एवढा खटाटोप कशाला?"

माझं मत मी तिथंच दिलं: इस्पितळाशेजारी राहणाऱ्याला सारखं असेल, डोंगरापलीकडच्याला नाही. निकाल सारखा आणि नळी नाही, तर मी दुर्बीण घेईन. बापूंना ते पटलं नाही. दुर्बीण बिघडली तर ती तरी कोण दुरुस्त करणार, असं त्यांनी माझंच शस्त्र माझ्यावर उलटवलं, आणि मला उत्तर सुचलं नाही.

आक्का मात्र दुसरीकडंच निघाल्या. "हे डोक्याचं झालं. एकदा केलं, घरी धाडलं. पोटाची भिंत न जुळता आतडी बाहेर घेऊन जन्मलेल्या बाळाचं काय करणार?"

दिनूनं मोबाइलवरून आकडा वाचला. 74 देशांतल्या 264 इस्पितळांचा अभ्यास, 2021 चा. अशी बाळं श्रीमंत देशांत शंभरात दीड दगावतात. सगळ्यात गरीब देशांत नव्वद.

कोणी काही बोललं नाही. चहावाल्या पोरानं ग्लास उचलले.

"त्यात सर्जनचं काम किती? सांगते," आक्का म्हणाल्या. "आतडी निर्जंतुक पिशवीत झाकायची. बाळ गार पडू द्यायचं नाही. सुतासारख्या शिरेत सुई लावायची. रोज थोडी थोडी आतडी आत सरकवायची. मग कित्येक दिवस शिरेतनंच अन्न. रात्रपाळीची नर्स झोपली की संपलं. पाच दिवसांच्या शिबिरात ह्यातलं काय बसतं?"

बापू माघार घेणारे नाहीत. मलावीत ब्लांटायरला 2017 साली मॅडोनाच्या संस्थेनं मुलांच्या शस्त्रक्रियांसाठी अख्खी इमारत बांधून दिली, हे त्यांना कुठूनतरी माहीत होतं. "गाणारी बाई करते, आपण नुसतं बोलतो."

"इमारत पाहिजेच," आक्का म्हणाल्या. "पण आपल्या वानलेससाहेबानं काय केलं? 1894 ला इथं इस्पितळ काढलं आणि नुसतं कापत बसला नाही. तीस-पस्तीस वर्षं राहिला, इथल्याच पोरांना शिकवलं. मला ज्यांनी हात धरून शिकवलं, त्या बाईंना शिकवणारी त्याच्या हाताखालची."

वॉर्फसुद्धा काही वर्षं म्बालेत राहिले, दिनू म्हणाला, आणि गेल्यावर युगांडाच्याच सर्जननी काम चालू ठेवलं. आता बाहेरचे डॉक्टर ते शिकायला तिथं जातात. हे ऐकून सलीमभाई खूश झाले. त्यांच्या मते विषय इथंच संपला होता. बापूंनी फोटो परत एकदा बघितला, पण ग्रुपवरून काढला नाही. साठ पोरांचे ओठ तर शिवले गेले ना, असं पुटपुटले. तेही खोटं नाही.

उठता उठता आक्कांनी दिनूला विचारलं, "तिकडं नर्सना शिकवायला जुनी माणसं घेतात का रे?"

"विचारून बघतो. भाषा?"

"सुई कशी धरायची ते हातानंच दाखवायचं असतंय."

"आणि पासपोर्ट?" बापूंनी खवचटपणे विचारलं.

"आहे की. लेकीच्या बाळंतपणाला दुबईला गेले तेव्हाचा. अजून चार वर्षं चालतोय."